सिट्रीन म्हणजे सुनेला: खडा, रंग आणि नावांचा घोळ

बाजारात 'सिट्रीन' किंवा 'सुनेला' म्हणून जो पिवळा, सोनेरी, क्वचित तांबूस खडा मिळतो, तो जमिनीतून निघाला तेव्हा बहुतेक वेळा पिवळा नव्हताच. तो जांभळा होता. कुणीतरी त्याला भट्टीत तापवलं आणि जांभळ्याचा पिवळा झाला. हे कळलं की अनेकांचा पहिला प्रश्न असतो, "म्हणजे नकली का?" नाही. खडा अस्सल आहे आणि पिवळेपणा आणणारं लोहही पहिल्यापासून त्याच्याच पोटात होतं. सुनेल्याच्या व्यवहारात फसवणूक होते ती सहसा बिलावरच्या नावात होते. त्यामुळे आधी खडा समजून घेऊ, मग नावं.

गारगोटीचा भाऊबंद

सिट्रीन हा क्वार्ट्झ आहे. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, एवढंच. पृथ्वीच्या कवचात या दोन मूलद्रव्यांची रेलचेल आहे, म्हणून क्वार्ट्झही जागोजागी सापडतो. नदीतली वाळू बरीचशी त्याचीच. शेतात, माळावर सापडणारी पांढरी गारगोटी तीच. तो अगदी स्वच्छ, बिनरंगी निघाला तर आपण त्याला स्फटिक म्हणतो आणि त्याच्या माळा, शिवलिंगं, श्रीयंत्रं करतो. जांभळा निघाला तर ॲमेथिस्ट. खड्यांच्या दुकानात त्याला कटेला किंवा जमुनिया म्हणतात. धुरकट तपकिरी निघाला तर स्मोकी क्वार्ट्झ, गुलाबी निघाला तर रोझ क्वार्ट्झ, पिवळा निघाला तर सिट्रीन.

रंग सोडला तर ही सगळी भावंडं सारखीच. मोहसच्या (१ ते १० अशा) मोजपट्टीवर कठीणपणा ७, घनता २.६५, अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप) साधारण १.५४ ते १.५५. हे तीन आकडे लक्षात असू द्या, कारण खडा कोणता हे ठरवायची वेळ येते तेव्हा रंग साक्ष देत नाही, हे आकडे देतात.

पिवळा येतो कुठून

शुद्ध क्वार्ट्झला रंग नसतो. रंग येतो तो परक्या अणूंमुळे. स्फटिक घडताना सिलिकॉनच्या काही जागांवर लोहाचे अणू जाऊन बसतात. प्रमाण अगदी नगण्य असतं, पण तेवढं पुरतं. नुसत्या लोहानं मात्र जांभळा रंग येत नाही. आजूबाजूच्या खडकात पोटॅशियमसारखी किंचित किरणोत्सारी मूलद्रव्यं असतात. त्यांच्या मंद किरणोत्सारानं, लाखो वर्षांत, लोहाच्या त्या अणूजवळचा एक इलेक्ट्रॉन उडवला जातो. अशा अणूभोवतीची रचना पिवळा-हिरवा प्रकाश शोषून घ्यायला लागते आणि आपल्याला खडा जांभळा दिसतो. हा झाला ॲमेथिस्ट.

आता हा ॲमेथिस्ट तापवा. साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास ती नाजूक रचना मोडते, जांभळा जातो. लोहाचे अत्यंत बारीक, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे ऑक्साइडचे कण तयार होतात. ते निळा आणि जांभळा प्रकाश अडवतात, पिवळा, नारिंगी पुढे जाऊ देतात. झाला सिट्रीन. वीटभट्टीत माती भाजली की लाल होते, त्यामागेही लोहाचंच रसायन आहे. इथे फक्त ते पारदर्शक खड्याच्या आत घडतं.

भट्टीवाल्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे तापमान हळूहळू चढवायचं आणि हळूहळू उतरवायचं, नाहीतर खडा तडकतो. दुसरी म्हणजे ५७३ अंश ही लक्ष्मणरेषा. त्या तापमानाला क्वार्ट्झच्या आतली रचनाच बदलते, आकारमान एकदम वाढतं आणि परत येताना पुन्हा घटतं. या ओढाताणीत खड्यात भेगा पडतात. प्रत्येक ॲमेथिस्टचा सुनेला होतोच असंही नाही. काही फिक्कट पडतात, काही दुधाळ होतात. ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यातल्या मोंतेझूमा इथला ॲमेथिस्ट तर तापवल्यावर चक्क हिरवा होतो. त्याला प्रासिओलाइट म्हणतात आणि दुकानात तो 'ग्रीन ॲमेथिस्ट' म्हणून विकला जातो.

मग जमिनीतूनच पिवळा निघणारा सिट्रीन नसतोच का? असतो, पण कमी. तो बहुधा फिकट, लिंबाच्या सालीसारखा, बऱ्याचदा किंचित धुरकट झाक असलेला असतो. त्यातल्या बऱ्याच खड्यांच्या रंगामागे लोहाऐवजी ॲल्युमिनियम आणि नैसर्गिक किरणोत्सार यांची जोडी असते, म्हणजे तो स्मोकी क्वार्ट्झचा जवळचा नातेवाईक. काँगो, झांबिया, मादागास्कर इथून असा माल येतो. स्पेनमधल्या सालामांका प्रांतातला सिट्रीन जुन्या काळी नावाजलेला होता. एक विरोधाभास असा की ज्याला लोक 'खरा, गडद, अस्सल सुनेला' समजून जास्त पैसे देतात तो तांबूस-सोनेरी खडा जवळजवळ नेहमी भट्टीतला असतो आणि भट्टी न पाहिलेला खडा फिकट असल्यामुळे मागे पडतो.

एका खाणीत हे दोन्ही रंग एकाच स्फटिकात सापडतात. बोलिव्हियाच्या पूर्वेकडची ही अनाही खाण. तिथल्या खड्याचा अर्धा भाग जांभळा, अर्धा पिवळा. त्याला आमेट्रीन म्हणतात. ही खाण तिथल्या आयोरेओ जमातीतल्या एका राजकन्येशी लग्न करणाऱ्या स्पॅनिश शिपायाला आंदण मिळाली, अशी दंतकथा तिथे सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी खडा बघण्यासारखा असतो, कारण जांभळा आणि पिवळा हे रंगचक्रावर समोरासमोरचे रंग आणि इथे ते रेघ मारल्यासारखे शेजारी बसलेले असतात.

ब्राझीलचा बसाल्ट, सह्याद्रीचा बसाल्ट

आज जगात विकल्या जाणाऱ्या सुनेल्याचा मोठा वाटा ब्राझीलमधून येतो. त्याच्या अगदी दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात आमेतिस्ता दो सुल नावाचं गाव आहे. आजूबाजूच्या डोंगरांत बोगदे खणून तिथले खाणकामगार काळ्या बसाल्टमधून ॲमेथिस्टनं भरलेल्या पोकळ्या काढतात. काही पोकळ्या माणूस आत उभा राहील एवढ्या मोठ्या असतात. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्यात झिरपत राहिलं आणि भिंतींवर आतल्या बाजूला टोकदार स्फटिक वाढले.

ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटायला हवी. महाराष्ट्राचा बहुतेक भाग अशाच लाव्हाच्या थरांवर वसलेला आहे. आपला थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. विहीर खोदताना, घाटात रस्ता रुंद करताना, खडीच्या खाणीत सुरुंग लावल्यावर अशाच पोकळ्या फुटतात. नाशिक, पुणे, जळगाव, संभाजीनगर या पट्ट्यातून निघालेले झिओलाइट आणि ॲपोफिलाइट या खनिजांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरचं 'गारगोटी' संग्रहालय पाहिलं नसेल तर शिर्डीला जाता-येता वाट थोडी वाकडी करावी. आपल्या पायाखाली काय आहे ते तिथे दिसतं. या पोकळ्यांत क्वार्ट्झ भरपूर, अधूनमधून फिकट ॲमेथिस्टही सापडतो. पण दागिन्यांच्या बाजाराला पुरेल असा गडद माल ब्राझीलसारखा इथून येत नाही. त्यामुळे सराफाकडचा सुनेला 'आपल्या सह्याद्रीतला' असल्याचं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

ब्राझीलचा माल जगात पोचला तो जर्मनीच्या वाटेनं. इडार-ओबरश्टाइन ही खड्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिरांची जुळी गावं. एकोणिसाव्या शतकात तिथले काही लोक दक्षिण ब्राझीलमध्ये जाऊन राहिले, त्यांना तिथे अकीक आणि ॲमेथिस्टचे साठे दिसले आणि त्यांनी जहाजं भरभरून माल मायदेशी धाडला. खडे तापवून, रंगवून त्यांचं रूप पालटण्यात ही गावं तरबेज होती.

पण दगड तापवून रंग बदलायची कला काही तिथे जन्मली नाही. ती आपल्या शेजारी, गुजरातेत, हजारो वर्षं चालत आली आहे. भरुच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतले मळकट तपकिरी अकीक आधी उन्हात वाळवायचे, मग मातीच्या मडक्यांत भरून शेणाच्या मंद आगीत भाजायचे, की ते लालबुंद होतात. खंबातचे कारागीर आजही या दगडाचे मणी करतात. हडप्पा काळातले असे लाल मणी थेट इराकमधल्या ऊर इथल्या राजघराण्याच्या कबरींत सापडले आहेत. त्या मण्यांना कुणी 'ट्रीटेड' म्हणून नाक मुरडत नाही. सुनेल्याला तरी का मुरडावं?

आज सुनेल्याला पैलू पाडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर जयपूरला होतं. कच्चा माल परदेशातून येतो, कापला जातो, पॉलिश होतो आणि मुंबईच्या झवेरी बाजारापासून अमेरिकेतल्या दुकानांपर्यंत जातो.

पुष्कराज, टोपाझ, सुनेला

आता घोळाकडे. पिवळ्या रंगाचे तीन वेगळे खडे आहेत आणि नावं एकमेकांत अडकलेली.

पहिला यलो सफायर. हा कुरुंद, म्हणजे माणिक आणि नीलम यांच्या घरातला. कठीणपणा ९, घनता ४. आज ज्योतिषी 'पुष्कराज' किंवा 'पुखराज' म्हणतात तेव्हा त्यांना हाच अपेक्षित असतो. दुसरा टोपाझ. वेगळंच खनिज, कठीणपणा ८, घनता साधारण ३.५. आपल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशांत टोपाझसमोर 'पुष्कराज' असंच लिहिलेलं सापडतं, त्यामुळे शब्दकोश उघडणाऱ्याचा गोंधळ वाढतोच. तिसरा आपला सुनेला, कठीणपणा ७, घनता २.६५.

हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. युरोपात खनिजांची रासायनिक ओळख पटेपर्यंत पिवळा पारदर्शक खडा दिसला की त्याला टोपाझ म्हणायची पद्धत होती. ती सवय व्यापारानं सोडली नाही. 'गोल्ड टोपाझ', 'बाहिया टोपाझ', 'मडीरा टोपाझ', 'सिट्रीन टोपाझ' ही सगळी नावं सिट्रीनला दिली गेली आहेत आणि त्यांत टोपाझचा अंशही नसतो. यातला 'मडीरा' हा शब्द मात्र उपयोगाचा आहे. मडीरा बेटावरच्या गडद वाइनसारखा तांबूस-नारिंगी सिट्रीन म्हणजे 'मडीरा सिट्रीन', ही रंगाची वर्णनात्मक श्रेणी म्हणून चालते.

स्कॉटलंडमध्ये तर उलटा प्रकार झाला. तिथल्या केर्नगॉर्म डोंगरातला धुरकट पिवळा-तपकिरी क्वार्ट्झ पारंपरिक पोशाखाच्या ब्रोचमध्ये आणि खंजिराच्या मुठीत जडवला जाई. राणी व्हिक्टोरियाला स्कॉटलंडचं वेड लागल्यावर या दागिन्यांची फॅशन इतकी वाढली की डोंगर पुरा पडेना. मग त्याच रंगाचा ब्राझीलचा क्वार्ट्झ 'केर्नगॉर्म' या नावानं जडवला जाऊ लागला. खनिज तेच, गाव मात्र दुसरं.

आपल्या बाजारात नावाला किंमत का आहे ते आकड्यांत पाहा. चांगला सुनेला कॅरेटला काही शेकड्यांत मिळतो. बरा यलो सफायर हजारांपासून सुरू होतो आणि श्रीलंकेचा, न तापवलेला, स्वच्छ रंगाचा असेल तर कितीतरी वर जातो. म्हणून 'पुखराज सुनेला', 'ब्राझिलियन पुखराज' असली जोडनावं बिलावर दिसली की थांबावं. बिलावर खनिजाचं नाव हवं: सिट्रीन, क्वार्ट्झ. 'नॅचरल' हा शब्दही नीट वाचावा. प्रयोगशाळेच्या अहवालात 'नॅचरल' म्हणजे कारखान्यात वाढवलेला नाही, एवढंच. तापवलेला नाही असा त्याचा अर्थ होत नाही. सिट्रीन तापवला आहे की नाही हे कित्येकदा प्रयोगशाळेलाही छातीठोकपणे सांगता येत नाही, त्यामुळे 'अनहीटेड सुनेला' म्हणून कुणी दुप्पट पैसे मागत असेल तर ते कशाच्या जोरावर, हे विचारायला संकोचू नये.

वजनाचंही तसंच. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जगभर तेवढंच. रत्ती मात्र मुळात गुंजेच्या बीवरून आलेलं माप आणि 'कच्ची' की 'पक्की' यावर ते बदलतं. भाव रत्तीत सांगितला तरी वजन ग्रॅममध्ये काट्यावर पाहून घ्यावं.

घरच्या घरी एक परीक्षा

सुटा खडा हाती असेल, अंगठीत बसवलेला नसेल, तर सुनेला आणि यलो सफायर यांतला फरक घरी काढता येतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा हवा. ऑनलाइन स्वस्तात मिळतो.

आधी खडा कोरडा तोला. समजा २.०० ग्रॅम भरला, म्हणजे १० कॅरेट. आता काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरा. बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. काट्यावर जो आकडा दिसेल तो खड्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचा. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा, घनता मिळाली. सुनेला असेल तर काटा ०.७५ च्या आसपास दाखवेल, टोपाझ असेल तर ०.५७, यलो सफायर असेल तर ०.५०. फरक इतका मोठा आहे की थोडीफार चूक झाली तरी निकाल बदलत नाही. खडा ५ कॅरेटचा असेल तर आकडे निम्मे होतील आणि हात जास्त स्थिर ठेवावा लागेल.

हेच उलटं वाचलं तर दुकानात नुसत्या नजरेनंही अंदाज येतो. सारख्याच वजनाचा सुनेला यलो सफायरपेक्षा आकारमानानं दीडपट असतो. '५ कॅरेटचा पुखराज' म्हणून दाखवलेला खडा वजनाच्या मानानं मोठा वाटला तर शंका घ्यायला जागा आहे.

काच मात्र या परीक्षेतून निसटू शकते, कारण काही काचांची घनता क्वार्ट्झच्या जवळ जाते. तिथे दहापट भिंग कामाला येतं. आत गोल गोल बुडबुडे किंवा पाकासारख्या वळणदार रेषा दिसल्या तर काच. पैलूंच्या कडा झिजून गोलसर झाल्या असतील तरी संशय घ्यावा, क्वार्ट्झच्या कडा तुलनेनं तीक्ष्ण राहतात. कारखान्यात उच्च दाबाच्या भांड्यांत वाढवलेला कृत्रिम सिट्रीनही बाजारात आहे आणि तो रसायनानं क्वार्ट्झच असल्यामुळे घरी ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा.

शोभेचे 'सिट्रीन क्लस्टर' घेणाऱ्यांसाठी एक खूण. स्फटिकांची टोकं जळक्या नारिंगी रंगाची आणि बुडखा पांढरा, खडबडीत, अपारदर्शक असेल तर तो भाजलेला ॲमेथिस्ट. विकत घ्यायला हरकत नाही, फक्त ॲमेथिस्टच्या भावात घ्या. आणि हिरवट झाकेचा, अगदी झगझगीत पिवळा 'लेमन क्वार्ट्झ' दिसला तर तो बहुधा किरणोत्सारी मारा आणि मग उष्णता, अशा दोन प्रक्रियांतून आलेला असतो. अंगावर घालायला तो निर्धोक असतो.

अर्थ कुणी लावले

सुनेल्याला चिकटलेले बहुतेक अर्थ खरं तर पिवळ्या रंगाचे आहेत.

वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत रत्नांची यादी दिली, तीत स्फटिक आणि पुष्पराग (पुष्कराज) ही दोन वेगळी नावं आहेत. नवग्रहांच्या रत्नांत गुरूच्या वाट्याला पुष्पराग आला. क्वार्ट्झला, मग तो कुठल्याही रंगाचा असो, नवरत्नांत जागा नाही. सुनेला आला तो उपरत्न म्हणून, म्हणजे पुष्कराज परवडत नसेल तर त्याचा बदली. या बदलीमागचा तर्क रंगाचा आहे: गुरूचा रंग पिवळा, गुरुवारी पिवळं वस्त्र, हरभऱ्याच्या डाळीचा नैवेद्य, तर्जनीत पिवळा खडा. हळदीपासून जेजुरीच्या भंडाऱ्यापर्यंत पिवळ्याला मंगल मानणाऱ्या समाजाला हा तर्क पटायला अवघड नाही.

खडा घातल्यानं नोकरी, लग्न, तब्येत यांत फरक पडतो असं कुठल्याही काटेकोर चाचणीत दिसलेलं नाही. श्रद्धेनं घालणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. माझा आक्षेप एवढाच की उपरत्न सांगून रत्नाचे पैसे घेतले जाऊ नयेत आणि तब्येतीच्या तक्रारीवर खडा हा उपाय म्हणून डॉक्टरऐवजी सुचवला जाऊ नये.

पाश्चात्त्यांची 'बर्थस्टोन' पद्धत यापेक्षा अगदी निराळी आहे, तरी आपल्याकडे दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. ती जन्ममहिन्यावर चालते, पत्रिकेवर नाही. आज वापरात असलेली यादी अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेनं १९१२ साली ठरवली. नोव्हेंबरसाठी तीत टोपाझ होता. १९५२ साली त्या यादीत फेरबदल झाले आणि नोव्हेंबरसाठी सिट्रीनची भर पडली. म्हणजे 'नोव्हेंबरचा खडा' हा प्राचीन संकेत वगैरे नाही, व्यापाऱ्यांनी सोयीसाठी केलेली नोंद आहे, तीही एका पिढीच्या आठवणीतली. लग्नाच्या तेराव्या वाढदिवसाची भेट म्हणूनही सिट्रीन सुचवला जातो.

'क्रिस्टल हीलिंग'वाल्यांनी त्याला व्यापाऱ्यांचा खडा केलं: गल्ल्यात ठेवा, बरकत येते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इतर खडे वेळोवेळी 'शुद्ध' करावे लागतात, सिट्रीनला मात्र त्याची गरज नसते. ज्या खड्यानं ५०० अंशांची अग्निपरीक्षा दिली आहे त्याला आणखी शुद्ध काय करणार, असं म्हणायला हरकत नाही!

या सगळ्यांत मला सर्वांत रोचक वाटतो तो युरोपातल्या किमयागारांचा अर्थ. हलक्या धातूचं सोनं करण्याच्या त्यांच्या प्रक्रियेत चार टप्पे होते: काळा, पांढरा, पिवळा आणि लाल. पिवळ्या टप्प्याचं नाव 'सिट्रिनितास'. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकात हा टप्पा बऱ्याच ग्रंथांतून गळाला आणि तीनच उरले. सोनं काही कुणाला जमलं नाही. जांभळ्या दगडाला आगीत घालून सोनेरी करणं मात्र खरोखरच शक्य होतं.

रंग म्हणून सिट्रीन

सिट्रीन हे रंगाचंही नाव आहे, पण सगळ्यांच्या मनात एकच रंग येतो असं नाही. लिंबूवर्गीय फळांच्या लॅटिन नावावरून ते आलं, त्यामुळे एक छटा लिंबाची: किंचित हिरवटपणाकडे झुकणारा पिवळा. संगणकाच्या पडद्यावर सिट्रीन म्हणून जी छटा सहसा दिली जाते तिचं आरजीबी मूल्य २२८, २०८, १० आहे. लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ नाही. दागिन्यांच्या कॅटलॉगमधला सिट्रीन मात्र मधाकडे, केशराकडे झुकतो.

चित्रकलेच्या जुन्या पुस्तकांत तिसराच अर्थ आहे. रंगद्रव्यांचा अभ्यासक जॉर्ज फील्ड यानं १८३५ मध्ये रंगांची जी मांडणी केली, तीत नारिंगी आणि हिरवा मिसळून होणाऱ्या मळकट पिवळ्याला सिट्रीन म्हटलं आहे. साड्यांच्या दुकानात त्याला कुणी मेंदी-पिवळा म्हणेल, कुणी मोहरी. त्यामुळे भिंतीच्या रंगाची किंवा कापडाची ऑर्डर नुसत्या 'सिट्रीन' या नावावर देऊ नये, नमुना मागवावा.

हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या तळ्यांच्या, नदीच्या काठच्या चिखलात शेपटी नाचवत फिरणारा पिवळ्या डोक्याचा धोबी इंग्रजीत 'सिट्रीन वॅगटेल' म्हणून ओळखला जातो. नराचं डोकं उन्हाळ्याच्या तोंडाशी जसं पिवळंधमक होतं, तो सिट्रीनच्या लिंबू छटेचा चांगला नमुना आहे.

घ्यायचा तर कसा घ्यायचा

क्वार्ट्झ प्रकाशातले रंग फारसे वेगळे करत नाही, त्यामुळे तो हिऱ्यासारखे रंगीत कवडसे फेकत नाही. त्याचं सौंदर्य स्वच्छतेत आणि रंगाच्या खोलीत आहे. म्हणून कटाई महत्त्वाची. खडा सरळ वरून पाहा. मधोमध फिकट खिडकी दिसून पलीकडचं बोट किंवा छापील अक्षर दिसत असेल तर तो उथळ कापलेला आहे. आतून प्रकाश परतायच्या ऐवजी आरपार जातो. बाजूचे पैलू कितीही चमकले तरी असा खडा बोटात निस्तेज दिसतो. सिट्रीनमध्ये डोळ्यांना दिसणारे डाग स्वीकारायचं कारण नाही, कारण स्वच्छ माल भरपूर मिळतो. रंग एकसारखा आहे का तेही पाहा. मूळ ॲमेथिस्टमधले गडद-फिके पट्टे कधी कधी तापवल्यावरही राहतात.

आणखी एक सोय म्हणजे मोठे खडे. माणिक किंवा पाचू आकारानं वाढला की दर कॅरेटमागेच भराभर चढतो. सिट्रीनमध्ये तसं फारसं होत नाही, मोठे स्वच्छ स्फटिक सहज मिळतात. १९२० ते १९४० च्या दशकांतल्या आर्ट डेको शैलीच्या दागिन्यांत म्हणूनच भले मोठे चौकोनी सिट्रीन दिसतात. आजही एखादं ठसठशीत पेंडंट करायचं असेल तर खिशाला झेपणाऱ्या खड्यांत सिट्रीनला तोड नाही. तांबूस, मधाळ छटा पिवळ्या सोन्यात खुलते, तर फिकट लिंबू छटा माझ्या मते चांदीत जास्त उठून दिसते. २२ कॅरेटच्या पिवळ्याधमक कोंदणात ती हरवते. मागून बंद कोंदण असेल तर खड्याखाली चमकदार फॉइल घातली आहे का ते विचारावं, कारण फॉइल असेल तर दिसणारा रंग पूर्णपणे खड्याचा नसतो.

कठीणपणा ७ म्हणजे रोजच्या वापराला बरा, अभेद्य नाही. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचेच कण असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं घातलेल्या अंगठीतल्या खड्याचे वरचे पैलू धुरकट होतात. पुन्हा पॉलिश करून घेता येतं. टोपाझ कठीण असला तरी एका दिशेनं आघात झाला तर सरळ दुभंगतो; क्वार्ट्झला तशी फाटायची दिशा नसते. स्वच्छतेला कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. वाफेनं साफ करायचं यंत्र टाळा. भट्टीतून आलेल्या सिट्रीनचा रंग उजेडात सहसा टिकतो, तरी तीव्र उष्णता आणि तापमानातला झटका त्याला सोसत नाही. अंगठी सैल किंवा घट्ट करायला, मोडलेला जोड पुन्हा सांधायला दिलीत, तर कारागिराला खडा आधी काढून ठेवायला सांगा आणि काढण्यापूर्वी व परत मिळाल्यावर त्याचं वजन करून घ्या.